गाढवाखालून तीन वेळा

आयर्लंडमधल्या माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात मला नेटल लागली. नेटल म्हणजे तिकडे कुंपणाच्या कडेला माजणारी झुडपं. पानांवर बारीक केस असतात आणि नुसता हात लागला तरी खाजकुइली लागल्यासारखी आग होते. मी तिथल्या एका केअर होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या संस्थेत, नर्स म्हणून नुकतीच लागले होते. ही २०१६ सालची गोष्ट. नव्वद वर्षांच्या एका आजींना चाकाच्या खुर्चीतून बागेत फिरवत होते. त्यांची शाल झुडपात पडली आणि ती काढायला मी खुशाल हात घातला.

मी हात झटकत उभी राहिले, तेव्हा आजींनी काठीनं शेजारचं एक रुंद पानांचं झाड दाखवलं. "ते पान तोड. चुरगाळ. आता चोळ, जोरात." पाच मिनिटांत आग बरीच शमली. त्या झाडाचं नाव डॉक. आपल्या आंबट चुक्याचं ते जवळचं नातेवाईक. पानात असं काय आहे, म्हणून मी विचारलं. आजी म्हणाल्या, "काय असेल ते असेल. नेटल जिथं उगवते तिथं ते शेजारी उगवतंच. तेवढं कळलं की पुरे."

मी बेळगावची. शेगडीवर ओव्याची पुरचुंडी शेकून पोटावर ठेवणाऱ्या आज्जीच्या हाताखाली वाढलेली. परदेशात, दवाखान्याच्या गणवेशात, असं कुणीतरी पानं चोळायला सांगेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्हाला असे आणखी किती उपाय माहीत आहेत?" त्या हसल्या. "मला विचारू नको. मी ते सगळं बारा वर्षांची असताना लिहून दिलंय. सरकारनं मागितलं होतं."

मला वाटलं, वयामुळं काहीतरी बोलत असतील. पण ते अक्षरशः खरं होतं.

मुलांनी लिहिलेलं दप्तर

आयर्लंडमध्ये १९३५ साली लोकपरंपरा गोळा करण्यासाठी एक सरकारी आयोग नेमला गेला. इंग्रजांच्या राज्यात आयरिश भाषा मागे पडली होती, दुष्काळानं आणि स्थलांतरानं गावं रिकामी झाली होती, आणि म्हाताऱ्या माणसांबरोबर सगळंच जाईल अशी भीती होती. आयोगाकडे माणसं मोजकी होती. मग त्यांनी एक युक्ती काढली. १९३७ साली देशभरच्या प्राथमिक शाळांना कळवलं की, वरच्या वर्गातल्या मुलांनी निबंधाच्या तासाला ठरावीक विषयांवर घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं आणि वहीत उतरवून आणावं. प्रश्न कसे विचारायचे याची पुस्तिका शॉन ओ सुलवॉन या आयोगाच्या अभिलेखपालानं तयार केली होती. भुतंखेतं, हवामानाचे अंदाज, लोणी काढणं, लग्नाच्या रीती असे विषय होते, आणि त्यातच एक होता 'गावठी औषधं'.

उत्तरेकडचा, ब्रिटनकडे राहिलेला भाग सोडला तर २६ काउंट्यांमधल्या सुमारे ५,००० शाळांतली जवळजवळ ५०,००० मुलं या कामाला लागली. त्यातून सुमारे ७,४०,००० पानं जमा झाली. निवडक मजकूर मोठ्या वह्यांत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला. पुष्कळ पानांच्या खाली, कुणी सांगितलं, त्याचं वय किती आणि तो कुठल्या वाडीचा हेही लिहिलेलं असतं. हा संग्रह आज डब्लिनच्या विद्यापीठात आहे, २०१७ साली युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' यादीत त्याची नोंद झाली, आणि पानं 'दूखस' नावाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात.

रात्रपाळीच्या दिवसांत दुपारी झोप आली नाही की मी ती वाचत बसायची. विषयांच्या यादीत 'औषधं' निवडलं की शेकडो गावांची पानं पुढं येतात. लहान मुलांची गोल गोल अक्षरं, मध्येच खाडाखोड, आणि खाली एखाद्या ऐंशी वर्षांच्या आजोबांचं नाव.

शेतातलं आणि चुलीवरचं

या उपायांचे मला ढोबळ मानानं दोन गट दिसले. पहिला गट आपल्याला लगेच कळेल असा: हाताशी जे आहे ते वापरायचं.

पश्चिम किनाऱ्यावर खडकांना तांबूस रंगाचं शेवाळं लागतं. त्याला कॅरगीन म्हणतात. ते वाळवून, दुधात उकळून, गाळून खोकल्याला आणि छातीला द्यायचं. हे शेवाळं उकळलं की बुळबुळीत, जेलीसारखं होतं. घशावर त्याचा लेप बसतो आणि खवखव थोडी शमते. तुम्ही हे खाल्लेलंही आहे. आइस्क्रीमच्या डब्यावर बारीक अक्षरात '४०७' हा आकडा शोधा. तो घट्टपणा आणणारा पदार्थ अशाच समुद्री शेवाळातून काढतात आणि त्याचं नाव या कॅरगीनवरूनच पडलेलं आहे.

ज्या नेटलनं माझा हात भाजला तिची कोवळी पानं मे महिन्यात तीनदा शिजवून खायची म्हणजे वर्षभर रक्त शुद्ध राहतं, असं जवळजवळ प्रत्येक काउंटीत लिहिलेलं सापडतं. उकळल्यावर तिची आग जाते. 'रक्त शुद्ध' म्हणजे काय हे सोडून द्या. पण अख्खा हिवाळा बटाट्यांवर काढलेल्या घरात वसंतातली पहिली हिरवी भाजी पोटात गेली तर बरं वाटणारच.

हंसाच्या जातीच्या बदकाची चरबी छातीवर चोळून वर फ्लॅनेलचं कापड बांधायचं. गळवावर गरम भिजवलेल्या पावाचं पोटीस. मुरगळलेल्या पायावर कॉम्फ्री नावाच्या झाडाचं मूळ किसून थापायचं. आयरिशमध्ये त्याचं नावच 'मोडक्या हाडांची वनस्पती' असं आहे. संधिवाताला खिशात कच्चा बटाटा ठेवायचा. लेट्रिम आणि आसपासच्या भागात दगडांची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छोटी 'घामघरं' आजही दिसतात. आत पीट पेटवून दगड तापवायचे, राख बाहेर ओढायची, जमिनीवर लव्हाळे अंथरायचे, आणि संधिवाताच्या माणसानं रांगत आत शिरून घाम काढायचा. मग बाहेर येऊन ओढ्यात बुडी मारायची.

यातला गुण सरसकट खरा नाही आणि सरसकट खोटाही नाही. शेकानं सांधे मोकळे होतात. गरम पोटिसानं दुखणं हलकं होतं. खिशातल्या बटाट्यानं मात्र काही होत नाही. डॉकच्या रसात नेटलवरचा खास उतारा सिद्ध झालेला नाही; पानाचा गारवा, चोळणं आणि मध्ये गेलेला वेळ यांनीच बरंचसं काम होतं. आणि कॉम्फ्रीचा काढा पिणं तर धोक्याचं आहे, त्यातली द्रव्यं यकृताला इजा करतात. 'झाडपाला आहे, अपाय कसा होईल' हे वाक्य तिकडेही ऐकू येतं.

हातगुण

दुसरा गट जास्त चमत्कारिक. यात औषधापेक्षा माणूस महत्त्वाचा. तिकडे म्हणतात, 'अमक्याकडे भाजल्याचा क्युअर आहे'. मला त्याला आपला 'हातगुण' हाच शब्द जवळचा वाटला.

हा हातगुण कुणाला मिळतो? सलग सात मुलांमधला सातवा मुलगा गजकर्ण बरं करतो. जो पाणसरड्याच्या अंगावरून जीभ फिरवेल त्याच्या जिभेला भाजलेलं बरं करायचा गुण येतो. जन्माआधीच ज्याचे वडील वारले, त्यानं बाळाच्या तोंडात फुंकर घातली की तोंडातला पांढरा चट्टा जातो. लग्नाआधीचं आणि नंतरचं आडनाव एकच असलेल्या बाईच्या हातची भाकरी डांग्या खोकल्याला चालते. पांढऱ्या घोड्यावरून जाणाऱ्या माणसाला डांग्या खोकल्यावर उपाय विचारायचा आणि तो जे सांगेल ते करायचं. रांजणवाडीला गूजबेरीचे दहा काटे घ्यायचे, नऊ काटे एकेक करून डोळ्यासमोर रोखायचे आणि दहावा फेकून द्यायचा.

बऱ्याच घरांत असा एखादा गुण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. त्याचे नियमही ठरलेले असतात. पैसे मागायचे नाहीत. पुष्कळ ठिकाणी 'थँक्यू'सुद्धा म्हणायचं नाही. गुण दुसऱ्याच्या स्वाधीन केला की देणाऱ्याकडे तो उरत नाही. हे सगळं इतिहासजमा झालं असं समजू नका. माझ्याबरोबर काम करणारी, पदवी घेतलेली नर्स नागीण झाल्यावर डॉक्टरांच्या गोळ्याही घेत होती आणि शनिवारी तीस किलोमीटरवरच्या एका शेतकऱ्याकडेही जाऊन आली.

मी तिला विचारलं, "का?" ती म्हणाली, "तो माणूस माझ्या आजीला ओळखायचा. अर्धा तास बसला माझ्याशी. डॉक्टरनं सहा मिनिटं दिली."

जुन्या काळी तर डॉक्टर गाठणंच अवघड होतं. १८५१च्या कायद्यानं गरिबांसाठी डिस्पेन्सरीचे डॉक्टर नेमले होते. पण डॉक्टरांना घरी बोलवायचं तर आधी गावातल्या जबाबदार माणसाकडून लाल तिकीट आणावं लागे. डिस्पेन्सरीची ही व्यवस्था १९७२पर्यंत चालली. लाल तिकीट मागायला जाणं म्हणजे आपली गरिबी गावाला दाखवणं. त्यापेक्षा शेजारच्या सातव्या मुलाकडे जाणं सोपं होतं. तिथं मान खाली घालावी लागत नव्हती.

नर्स म्हणून आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. हातगुणाच्या यादीत कुठले आजार जास्त दिसतात? चामखीळ, रांजणवाडी, गालगुंड, नागीण, उचकी. हे बहुतेक वेळा आपोआप बरे होणारे आहेत. मुलांच्या चामखिळी वर्ष-दोन वर्षांत पुष्कळदा आपणहून जातात. नागिणीचे फोड दोन ते चार आठवड्यांत वाळतात. त्याआधी जो कुणी हात लावेल त्याला श्रेय मिळतं.

पण यादीत डांग्या खोकलाही आहे.

आजींचं पान

आजींच्या शाळेचं नाव मला माहीत होतं. रॉसकॉमन काउंटीतली एका खोलीची शाळा, आता बंद पडलेली. एका दुपारी मी संकेतस्थळावर ती शोधली आणि चाळता चाळता त्यांचं नाव सापडलं. लग्नाआधीचं. १९३८. दीड पान, इंग्रजीत, तिरक्या अक्षरात. शेवटी त्यांच्या आजीचं नाव आणि वय ७६.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर टॅबलेट घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले. स्वतःचं बारा वर्षांचं अक्षर पाहून त्या कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चष्म्यानं दिसत नाही नीट. तू वाच."

मी वाचलं. रांजणवाडीला गूजबेरीचे काटे. संधिवाताला बटाटा. तोंड आलं तर काय. शेवटचा उपाय डांग्या खोकल्याचा होता: आजारी बाळाला गाढवाच्या पोटाखालून तीन वेळा पलीकडे द्यायचं आणि पाठीवरून परत घ्यायचं. मग गाढवाला भाकरी द्यायची आणि खाताना त्याच्या तोंडातून जे तुकडे पडतील ते बाळाला भरवायचे. 'याने खोकला बरा होतो,' असं शेवटचं वाक्य.

"पुढे?" आजी म्हणाल्या.

"संपलं. खाली फक्त तुमच्या आजीचं नाव आहे."

"संपलं नाही ते."

त्यांचा धाकटा भाऊ आठ महिन्यांचा होता. त्या हिवाळ्यात गावात डांग्या खोकला आला. बाळ खोकता खोकता निळं पडायचं. गाढव शेजाऱ्यांचं होतं. अंगणात वडील एका बाजूला उभे राहिले, काका दुसऱ्या बाजूला. आई दारात शाल घेऊन उभी. बाळाला खालून दिलं, वरून घेतलं, तीनदा. आजींनी गाढवाचं दावं धरलं होतं. "गाढव शांत उभं होतं," त्या म्हणाल्या. "सगळं बरोबर केलं आम्ही." लाल तिकीट आणायला वडील त्यानंतर चौथ्या दिवशी गेले. डॉक्टर आले तेव्हा बाळ जाऊन एक दिवस झाला होता.

निबंध त्यानंतर दोन महिन्यांनी लिहिला. लिहिताना त्यांनी आपल्या आजीला विचारलं होतं, 'हे लिहू का?' आजी म्हणाली, 'लिही. दुसऱ्यांच्या बाळाला गुण आला होता.'

"मास्तरांनी उपाय विचारले होते," त्या मला म्हणाल्या. "पुढे काय झालं ते विचारलं नव्हतं."

एक सांगायला हवं. त्या बाळाला गाढवानं मारलं नाही. डॉक्टर चार दिवस आधी आले असते तरी १९३८ साली त्यांच्या बॅगेत या आजारावर फारसं काही नव्हतं. पेनिसिलिनसुद्धा अजून दवाखान्यांत पोचलेलं नव्हतं, आणि डांग्या खोकल्याची लस त्या खेड्यांपर्यंत आलेली नव्हती. हातात काहीच नसताना त्या माणसांनी एक गोष्ट केली, आणि ती सगळ्यांनी मिळून केली. मी त्यांना हसू शकत नाही. पण त्या दिवसापासून त्या संग्रहातलं 'याने बरा होतो' हे वाक्य मला पूर्वीसारखं वाचता येत नाही. किती पानांवर पुढची ओळ लिहायची राहून गेली असेल?

आमच्या घरची माळ

त्या रात्री मला आमच्या घरची गोष्ट आठवली. ती आमच्याकडे कुणी सांगत नाही.

आमच्या भागात कावीळ झाली की मंतरलेली माळ देतात. झाडाच्या बारीक काड्यांचे तुकडे धाग्यात ओवून केलेली ती छोटी माळ डोक्यावर ठेवतात. ती रोज वाढत वाढत गळ्यात उतरते, मग छातीवर, आणि माळ उतरली की कावीळ उतरली. वाळताना काड्या आक्रसतात आणि धाग्याचे फास सैल होत जातात, म्हणून ती लांबते. माणसाच्या यकृताशी तिचा संबंध नसतो. दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुतेक वेळा विश्रांतीनं काही आठवड्यांत आपणहून बरी होते. माळेलाही उतरायला वेळ लागतोच. दोन्ही बरोबर चालतात, आणि माळेचं नाव होतं.

आमच्या शेजारच्या मुलाची कावीळ माळेनं गेली, ही गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली आहे. माझ्या काकांची गोष्ट एकदाही नाही. त्यांनाही माळ घातली होती. त्यांची कावीळ पाण्याची नव्हती. पित्तनलिकेत खडा अडकला होता. पाच आठवडे माळ उतरायची वाट पाहिली. थंडी वाजून ताप भरायला लागला तेव्हा दवाखान्यात नेलं. वाचले, पण आतला संसर्ग इतका वाढला होता की पुढं वर्षभर त्यांना कामावर जाता आलं नाही. माळ आज्जीनं आणली होती. त्यानंतर घरात त्या माळेचं नाव निघालं नाही, आणि आज्जीला कुणी काही बोललंही नाही. मला ते प्रेम वाटायचं. आता वाटतं, तेव्हा कुणीतरी हे मोठ्यानं सांगायला हवं होतं. चार वर्षांनी आमच्याच गल्लीत दुसऱ्या घरात तीच माळ आली.

थडग्यावरची माती

म्हणून सगळंच फेकून द्यायचं का? तसंही नाही, आणि याला आयर्लंडमध्येच एक फार चांगलं उदाहरण आहे.

उत्तर आयर्लंडच्या फर्मॅना काउंटीत बोहो नावाचं गाव आहे. म्हणताना नुसतं 'बो' म्हणतात. तिथल्या चर्चच्या आवारात जेम्स मगर नावाचे धर्मगुरू पुरलेले आहेत. ते १८१५ साली वारले. माझ्यावरची माती आजार बरे करील, असं ते मरताना म्हणाले अशी समजूत आहे. लोक चमचाभर माती कापडात बांधून नेतात, उशाखाली ठेवतात आणि चौथ्या दिवशी परत आणून टाकतात. परत आणलीच पाहिजे, हा नियम.

त्या भागात राहिलेल्या जेरी क्विन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं ती माती प्रयोगशाळेत नेली. वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर केलेलं त्यांचं काम २०१८च्या अखेरीस प्रसिद्ध झालं. मातीत स्ट्रेप्टोमायसिस कुळातला एक नवा जिवाणू सापडला. नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या सहा प्रमुख जिवाणूंपैकी चार जिवाणूंची वाढ त्यानं प्रयोगशाळेत रोखली. १९४३ साली क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं तेही याच कुळातल्या जिवाणूपासून.

याचा अर्थ उशाखालची पुरचुंडी औषध ठरली, असा नाही. प्रयोगशाळेतली बशी आणि माणसाचं शरीर यांत बरंच अंतर आहे. पण लोकांनी दोनशे वर्षं लक्षात ठेवलं म्हणून शास्त्रज्ञाला कुठली माती उचलायची ते कळलं.

आपल्या हळदीचंही असंच झालं. जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं. मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा ज्या संस्थेचे प्रमुख होते, त्या सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. 'आमच्या आज्ज्या लावतात' एवढं सांगून ते रद्द झालं नसतं. जुने ग्रंथ आणि छापलेले लेख पुरावा म्हणून दाखवावे लागले. लिहिलेलं होतं, म्हणून उपयोगी पडलं.

एक वही काढा

आपल्या मंडळातल्या तरुण मुलामुलींना माझं सांगणं आहे: येत्या सुट्टीत एक वही काढा आणि घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाजवळ बसा. काय विचारायचं ते मी त्या आजींकडून शिकले. उपाय काय, एवढंच विचारू नका. तो तुम्हाला कुणी सांगितला? नेमकं काय आणि किती घ्यायचं? कुणाला दिला होता? मग पुढे काय झालं? कुणाला लागू पडला नाही? डॉक्टरकडे कधी नेलं? हे शेवटचे तीन प्रश्न विचारताना तुम्हालाही अवघड वाटेल आणि त्यांनाही. थोडं थांबा. माणसं सांगतात.

आणि नर्स म्हणून दोन गोष्टी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, बारशालासुद्धा नाही; मधातल्या जिवाणूंमुळं इतक्या लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि डांग्या खोकल्याची लस बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तेवढी चुकवू नका. बाकी ओव्याची पुरचुंडी, हळदीचं दूध आणि कपाळावर आज्जीचा हात यांना माझी काही हरकत नाही.

'दूखस'वरची हस्तलिखित पानं टंकून द्यायचं काम जगभरचे वाचक स्वेच्छेनं करतात. त्या उपक्रमाच्या नावातला आयरिश शब्द आहे 'मेहल'. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या शेतात मिळून काम करणं, म्हणजे आपली सावड. आजी २०१९ साली गेल्या. त्या वर्षी मी त्यांचं दीड पान टंकून दिलं. पण तिथला नियम असा, की पानावर जे आहे तेवढंच उतरवायचं, पदरचं काही घालायचं नाही. नियम बरोबरच आहे. त्यामुळं तिथं अजूनही 'याने खोकला बरा होतो' हेच शेवटचं वाक्य आहे.

पुढची ओळ त्यांनी मला सांगितली होती. ती तिथं लिहिता आली नाही, म्हणून इथं लिहिली.